मुदतीची रेघ कोणासाठी?

अमेरिकेतले यादवी युद्ध चालू असताना, फेब्रुवारी १८६४ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याने जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल या गावाजवळ युद्धकैद्यांसाठी एक छावणी उघडली. पाइनचे ओंडके उभे गाडून केलेली उंच भिंत, तिच्यावर ठरावीक अंतराने पहारेकऱ्यांच्या चौक्या आणि आत उघड्या जमिनीवर पकडून आणलेले उत्तरेचे सैनिक. भिंतीपासून सुमारे १९ फूट आत खुंट्या ठोकून त्यांवर लाकडाच्या हलक्या पट्ट्या मारल्या होत्या. या कठड्याला ‘डेड-लाइन’ म्हणत. कैदी त्याला टेकला, त्याच्यावरून किंवा खालून पलीकडे गेला, तर पहारेकऱ्याने गोळी घालावी असा हुकूम होता. चौदा महिन्यांत तिथे सुमारे ४५,००० कैदी आले आणि त्यांतले जवळजवळ १३,००० मेले. बहुतेक जण हगवणीने, स्कर्व्हीने आणि उपासमारीने गेले. रेषेवर गोळी लागून मेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी. तरीही युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख कॅप्टन हेन्री वर्झ याच्यावर वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगासमोर खटला चालला, तेव्हा आरोपपत्रात या रेषेचा स्वतंत्र उल्लेख झाला. त्यातला एक तपशील आपल्या विषयासाठी फार मोलाचा आहे. अनेक ठिकाणी ही रेषा निव्वळ काल्पनिक होती आणि इतर ठिकाणी कच्च्या, हलणाऱ्या पट्ट्यांची होती, असे आरोपात म्हटले होते. म्हणजे जी ओलांडली तर जीव जायचा, ती दिसेलच याचीही खात्री नव्हती. १० नोव्हेंबर १८६५ रोजी वर्झला फाशी झाली. अशा रेषा उत्तरेने चालवलेल्या कैदी-छावण्यांतही होत्या, हेही नोंदवले पाहिजे. हे एका बाजूच्या क्रौर्याचे लक्षण नव्हते.

आज मराठीत ‘डेडलाइन’ हा शब्द शाळेच्या प्रकल्पापासून सरकारी योजनेपर्यंत सर्वत्र चालतो आणि त्याची ही उगमकथा सांगितली की ऐकणारा दचकतो. कथा खरी आहे, पण ती जशी सांगितली जाते तितकी सरळ नाही. कैद्यांच्या छावणीतून हा शब्द थेट कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळात शिरला, असा पुरावा नाही. मधल्या पायऱ्या अशा दिसतात. युद्धानंतर ‘ओलांडू नये अशी हद्द’ या ढोबळ अर्थाने शब्द पसरला. १८८० मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस अधिकारी थॉमस बर्न्स यांनी वॉल स्ट्रीटच्या पेढ्या वाचवण्यासाठी फुल्टन स्ट्रीटवर एक ‘डेड-लाइन’ जाहीर केली. तिच्या दक्षिणेला नोंदीतला गुन्हेगार सापडला की त्याला अटक. पुढे छापखान्यात, यंत्राच्या पाट्यावरच्या ज्या खुणेपलीकडचा मजकूर छापला जात नाही, त्या खुणेला हे नाव मिळाले. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांत ‘ज्या वेळेनंतर आलेली बातमी आजच्या अंकात जाणार नाही ती वेळ’ असा अर्थ रुळला. १९२० सालच्या एका अमेरिकी मूकपटाचे नावच ‘डेडलाइन ॲट इलेव्हन’ असे होते, यावरून तो तोवर सामान्य प्रेक्षकालाही कळत होता हे दिसते. छापखान्यातला अर्थ छावणीतून आला की स्वतंत्रपणे सुचला, याचा निकाल उपलब्ध नोंदींवरून लागत नाही. म्हणून ‘प्रत्येक डेडलाइनमागे बंदूक आहे’ असे विधान कोणी शब्दाच्या जन्मकथेवरून करू लागला, तर ते मान्य करू नये.

शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नव्हे, हा भाषाशास्त्राचा जुना आक्षेप इथे पूर्ण लागू पडतो आणि मला तो मान्य आहे. माझे म्हणणे मुळावर उभे नाही. छावणी, फुल्टन स्ट्रीट आणि वृत्तपत्राची कचेरी या तीन ठिकाणी शब्दाचा आशय बदलत गेला: मरणाच्या जागी अटक आली, अटकेच्या जागी बातमी वगळली जाणे आले. पण पहिल्या दोन ठिकाणी एक रचना तशीच राहिली. रेघ एक जण आखतो, ती दुसऱ्यासाठी असते, आणि आखणाऱ्याला ती लागू नसते. पहारेकरी त्या १९ फुटांच्या पट्ट्यापलीकडे, भिंतीवरच्या चौकीत बसत होता. कैदी केव्हा सुटणार, त्याला अन्न केव्हा मिळणार, याची कोणतीही रेघ छावणीच्या प्रमुखासमोर आखलेली नव्हती. वृत्तपत्रात मात्र वेगळे घडते. तिथे रात्रीची ठरलेली वेळ वार्ताहराला लागू असते तशी संपादकाला, जुळारीला, गाडीवाल्याला आणि मालकालाही लागू असते, कारण अंक सकाळी वाचकाच्या दारात पडायचा असतो. शब्द तोच, पण एका जागी तो जरबेचे साधन आहे आणि दुसऱ्या जागी सगळ्यांनी मिळून पाळायची शिस्त. कालमर्यादा न्याय्य आहे की अन्याय्य, हे तिच्या कडकपणावर ठरत नाही. ती आखणाऱ्यालाही बांधते की नाही, यावर ठरते. या लेखात मला एवढेच सिद्ध करायचे आहे.

जागेची हद्द काळावर लादण्याचा हा प्रकार काही अमेरिकी माणसाने शोधलेला नाही. संस्कृतात ‘अवधि’ म्हणजे जागेचीही सीमा आणि काळाचीही. कालिदासाच्या ‘मेघदूता’त यक्षाला कुबेराचा शाप आहे, पण तो एका वर्षापुरता. दूर अलकेत त्याची पत्नी उंबऱ्यावर ठेवलेली फुले जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजते. तो विरह सोसण्याजोगा होतो तो शापाला अवधी आहे म्हणून. आणि तो अवधी शाप देणाऱ्या कुबेरालाही पाळावा लागतो. ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्या धातूचा अर्थ ताणणे, लांबवणे असा आहे आणि त्याच धातूपासून ‘मदत’ हा शब्दही झाला आहे. मराठीत मुदत मागतात, देतात, वाढवून घेतात. मुदत भरते, टळते, संपते. या सगळ्या क्रियापदांत दोन पक्ष आहेत आणि त्यांच्यात काही बोलणे झाले आहे. पण इथे थांबून ‘आपला शब्द माणुसकीचा आणि त्यांचा शब्द बंदुकीचा’ असा निष्कर्ष काढणे ही स्वतःची फसवणूक होईल. मुदत या शब्दाने महाराष्ट्रातल्या रयतेचे काय केले, ते दख्खनच्या इतिहासात नीट नोंदलेले आहे.

१८५९ साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावरून दावा करायचा तर तो तीन वर्षांच्या आत केला पाहिजे, असे त्याने ठरवले. हेतू चांगला होता: जुनी खते वर्षानुवर्षे दाबून ठेवून व्याज फुगवता येऊ नये. कागदावर पाहिले तर ही रेघ सावकारावर आखलेली होती. प्रत्यक्षात पुणे आणि नगर जिल्ह्यांत उलटे झाले. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि जुने खत मोडून नवे लिहून घेई. न फिटलेले व्याज मुद्दलात जमा होई आणि त्या वाढलेल्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई. कुळाने नवे खत लिहून द्यायला नकार दिला, तर दावा होई. ज्या मुदतीने कर्ज म्हातारे होऊन मरायला हवे होते, त्याच मुदतीने ते दर तीन वर्षांनी पुन्हा तरुण होऊ लागले. याचे कारण साधे आहे. खत सावकाराच्या घरात होते, तारीख सावकाराला वाचता येत होती, कोर्टाचा रस्ता सावकाराला ठाऊक होता. ज्याच्यासाठी कायद्याने रेघ आखली, त्या रयतेला ती दिसतच नव्हती. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे आलेली कापसाची तेजी ती यादवी संपताच ओसरली, सावकारांनी हात आखडता घेतला, वर सारावाढ झाली. आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. दंगा गावोगाव पसरला. त्यात लोकांनी मुख्यतः मागितली ती खते आणि वह्या, आणि हाती लागली तिथे ती जाळली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर मुदतीच्या कायद्याचा हा उलटलेला परिणाम आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने मग शेतकऱ्यांवरच्या अशा दाव्यांची मुदत वाढवली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवे खत करून घेण्याचे निमित्त राहू नये. सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांचा अर्थ अनेक अंगांनी लावला जातो, पण कालमर्यादेच्या प्रश्नाला तो थेट भिडतो. हद्द दिसत नसेल आणि ती वापरण्याची ताकद एकाच बाजूला असेल, तर उदार हेतूने घातलेली मुदतही छावणीतल्या त्या काल्पनिक रेषेसारखीच वागते. बंगालमध्ये कायमधारा पद्धतीत साऱ्याचा भरणा ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत झाला नाही तर जमीनदारी लिलावात काढत. तो नियम ‘सूर्यास्ताचा कायदा’ म्हणून ओळखला गेला. पीक बुडालेल्या वर्षीही सूर्य ठरल्या वेळीच मावळत असे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कालमर्यादेशिवाय कोणतेही काम होत नाही, वाद कधी संपत नाहीत, आणि कडक तारखेविरुद्ध बोलणारा माणूस शेवटी ढिलाईची वकिली करतो. आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे. आजचा १९६३ चा मुदत अधिनियम नसता, तर आजोबांच्या व्यवहारावरून नातवावर दावे होत राहिले असते. साक्षीदार मेलेले, कागद कसर लागलेले, आणि न्यायाधीशाने कशावरून निर्णय द्यायचा? प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळला पाहिजे, इतका हा कायदा कडक आहे. पण त्याच कायद्यात शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, आणि अपिलाला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. म्हणजे कोर्टाच्या दाराला कुलूप असल्याचा दोष कायदा पक्षकाराच्या माथी मारत नाही, आणि अपिलाला उशीर का झाला हे निदान ऐकून घेतो. एवढ्याने मुदत ढिली पडत नाही. उलट, लोक तिला मानतात ते यामुळे.

कडकपणाला माझा विरोध नाही, याचा याहून चांगला पुरावा फौजदारी कायद्यात आहे. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन मागण्याचा हक्क आरोपीला आपोआप मिळतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. ही मुदत अत्यंत कडक आहे. ती संपल्यानंतर आरोपीने जामीन मागितला, तर गुन्हा किती गंभीर आहे हा प्रश्नच उरत नाही. पण हिचे टोक बंद माणसाकडे वळलेले नाही. त्याला बंद करणाऱ्या यंत्रणेकडे वळलेले आहे. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने ही मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येते, आणि त्या कायद्यावर होणाऱ्या टीकेचा एक मोठा मुद्दा हाच आहे. सत्तेला बांधणारी तारीख पुढे ढकलली की त्याचा भार नेमका कोणावर पडतो, ते इथे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता सत्तेच्या वरच्या मजल्यांकडे पाहू, कारण तिथे तारखा विरळ होत जातात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० मध्ये राज्यपालांनी विधेयक फेरविचारासाठी परत पाठवायचे तर ते ‘शक्य तितक्या लवकर’ पाठवावे असे आहे. दिवस दिलेले नाहीत. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत अध्यक्षांनी अपात्रतेच्या अर्जावर किती दिवसांत निर्णय द्यावा, हे लिहिलेले नाही. महाराष्ट्राने अशा मोकळ्या जागांची किंमत पाहिली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधानपरिषदेवर नियुक्तीसाठी १२ नावे राज्यपालांकडे पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. तरी निर्णय झाला नाही, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ती यादीच मागे घेतली गेली. जून २०२२ मधल्या शिवसेनेतल्या फुटीनंतरच्या अपात्रतेच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी ‘वाजवी काळात’ निर्णय घ्यायला सांगितले, महिने गेले. शेवटी न्यायालयाने तारीख नेमून दिली, ३१ डिसेंबर २०२३, ती पुढे १० जानेवारी २०२४ केली. निर्णय १० जानेवारी २०२४ लाच आला. तो बरोबर होता की चूक, हा वेगळा वाद. ‘वाजवी काळ’ या शब्दांनी जे झाले नाही, ते एका तारखेने झाले, एवढे मात्र कोणत्याही पक्षाच्या माणसाला नाकारता येणार नाही.

इथे एक गंभीर घटनात्मक आक्षेप उभा राहतो आणि तो बाजूला सारता येत नाही. तमिळनाडूच्या विधेयकांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्यासाठी मुदती घालून दिल्या. त्यानंतर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले, की घटनेत नसलेली कालमर्यादा न्यायालयाला तिच्यात घालता येणार नाही. मात्र दीर्घ, कारण न देता केलेल्या दिरंगाईत मर्यादित निर्देश देता येतील. घटनाकारांनी तिथे जाणूनबुजून लवचिकता ठेवली, हा युक्तिवाद आदराने ऐकला पाहिजे. पण त्याने सुटतो तो एवढाच प्रश्न की रेघ आखण्याचा अधिकार न्यायालयाचा नाही. रेघ असू नये, असे त्यातून निघत नाही. ज्या घटनाकारांनी अनुच्छेद २०० मध्ये दिवस लिहिले नाहीत, त्यांनीच राज्यसभेला धन विधेयकासाठी १४ दिवस दिले आणि त्यांत ते परत आले नाही तर दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याचे मानावे असे लिहिले. विधानसभेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये असे लिहिले. वटहुकुमाला अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांचे आयुष्य दिले. आपल्या राज्यघटनेला सत्तेवर तारीख घालण्याचे वावडे नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द शहाण्या माणसांवर विश्वास ठेवून लिहिले गेले होते. तो विश्वास पुन्हा पुन्हा अपुरा पडला आहे, आणि आता घटनादुरुस्तीने दिवस लिहिणे हे संसदेचे काम आहे.

खालच्या मजल्यावर, नागरिकाच्या रोजच्या व्यवहारात, हा बदल काही प्रमाणात झालेला आहे, म्हणून तो अशक्य म्हणून झटकता येत नाही. माहिती अधिकार कायद्यात ३० दिवस आहेत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. आणि उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड आहे. महाराष्ट्राच्या दप्तर दिरंगाईविरोधी कायद्यात एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडू नये असे आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी दिवस ठरवले. हे कायदे पुरेसे पाळले जात नाहीत, ही तक्रार खरी आहे. अपिलांचे ढीग साचतात, दंड क्वचित होतो. पण न पाळलेल्या तारखेवर बोट ठेवता येते. नसलेल्या तारखेवर ठेवता येत नाही. स्थानिक आपत्तीत पीक बुडाले की पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमांप्रमाणे शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचे असते, चिखलात उभा असला तरी. त्याच्या बाजूची रेघ इतकी बारीक आखता येते, तर समोरच्या बाजूची तितकीच बारीक आखता येणार नाही असे कोण म्हणेल?

अधिकाऱ्यांवर तारीख घातली तर ते घाईने चुकीचे निर्णय देतील, नाकारून मोकळे होतील, अशी एक भीती उरते. ती निराधार नाही. नाकारलेल्या अर्जाला मात्र कारण लिहावे लागते, आणि लिहिलेल्या कारणाविरुद्ध अपील होते. पडून राहिलेल्या अर्जाविरुद्ध माणूस फक्त खेटे घालू शकतो. घाईतली चूक दुरुस्त करण्याची वाट तरी असते.

म्हणून मागणी साधी आणि लगेच करता येण्याजोगी आहे. शासनाच्या प्रत्येक जाहिरातीत, योजनेत, भरतीत आणि नोटिशीत नागरिकासाठी ‘अंतिम तारीख’ ठळक छापलेली असते. तिच्याच खाली, तितक्याच ठळक अक्षरांत, कचेरीने निर्णय देण्याची अंतिम तारीख छापावी. ती टळली तर काय होईल आणि जबाबदार अधिकारी कोण, हेही तिथेच लिहावे. ज्या कागदावर दुसरी तारीख नाही, त्यावरची पहिली तारीख नागरिकावर बंधनकारक धरू नये, अशी तरतूद कायद्यात करून घेण्यासाठी आपण आपल्या आमदाराकडे आग्रह धरला पाहिजे.